एसपीएसएसमध्ये नको त्या विंडो का उघडतात, आणि त्यातली कोणती बंद करायची

एसपीएसएस म्हणजे सर्व्हेच्या आकड्यांचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर, आणि आर हे तसलंच दुसरं. ते वापरणाऱ्या शिरपूरच्या एका संशोधक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "सर, रावेर, यावल, मुक्ताईनगर आणि चोपडा या तालुक्यांतल्या २४० केळी उत्पादकांचा सर्व्हे केलाय, प्रत्येकी ६०. एसपीएसएसमध्ये एक फाईल उघडली की दोन विंडो उघडतात आणि संध्याकाळपर्यंत खाली पंधरा-सोळा जमतात. आउटपुट कधी या विंडोत जातं, कधी त्या. लॅबमधले म्हणाले व्हायरस असेल, म्हणून सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. फरक नाही. एका मित्राने दिलेली आरची स्क्रिप्ट चालवली तर तिथेही आलेखांच्या विंडोच विंडो. आणि एक विचारायचं राहिलं, एका तक्त्यात एन (म्हणजे धरलेल्या शेतकऱ्यांची संख्या) २४० येतो आणि दुसऱ्यात २३६. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?"

ताई, व्हायरस डोक्यातून काढून टाका आणि लॅपटॉप फॉरमॅट करू नका. सॉफ्टवेअर चोख चाललंय. त्या सगळ्या विंडो तुमच्याच कुठल्या ना कुठल्या क्लिकने उघडल्यात, फक्त कोणत्या क्लिकने हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. आणि जे तुम्ही "विचारायचं राहिलं" म्हणून शेवटी टाकलंत ना, तोच खरा प्रश्न आहे. त्याच्याकडे येतो.

आत्ता जेवढ्या विंडो उघड्या आहेत तेवढ्या राहू द्या. एकही बंद करू नका. कागद घ्या आणि प्रत्येक विंडोच्या अगदी वरच्या पट्टीवर काय लिहिलंय ते उतरवून काढा. कुठे शेवटी "डेटा एडिटर" असेल, कुठे "व्ह्यूअर", कुठे "सिंटॅक्स एडिटर". डेटा एडिटरच्या पट्टीवर फाईलच्या नावापुढे चौकोनी कंसात "डेटासेट१", "डेटासेट२" असंही दिसेल. हा कंस महत्त्वाचा. माझा अंदाज, तुमच्या सोळापैकी पाच-सहा तरी डेटा एडिटर निघतील आणि त्यातल्या दोन-तीन एकाच फाईलच्या वेगवेगळ्या तारखांच्या प्रती असतील. "केळी", "केळी नवीन", "केळी अंतिम", "केळी अंतिम २". हसू नका, माझ्याही लॅपटॉपवर हेच असायचं.

आता एकेक कारण.

फाईल उघडताच जी दुसरी विंडो येते, ती आउटपुटची, म्हणजेच व्ह्यूअर. तिच्यात आकडे नसतात, इंग्रजीत दोन ओळी असतात: फाईल कुठून घेतली आणि तिला डेटासेट म्हणून काय नाव दिलं. तुम्ही मेनूतून काहीही केलंत की एसपीएसएस ते आतल्या आत हुकमाच्या भाषेत लिहितं आणि तो हुकूम आउटपुटमध्ये नोंदवतं. नोंदवायला जागा हवी म्हणून विंडो उघडतं. इतकंच. ती नको असेल तर एडिट, मग ऑप्शन्स, मग व्ह्यूअर टॅब, आणि तिथल्या "डिस्प्ले कमांड्स इन द लॉग" या ओळीपुढची टिक काढा. पुढच्या वेळी फाईल एकटी उघडेल.

मी स्वतः मात्र ही टिक काढत नाही. सहा महिन्यांनी मार्गदर्शकांनी विचारलं की हा गट कसा पाडला होता, तर उत्तर त्या कंटाळवाण्या ओळींतच सापडतं. टिक काढलीत तरी एसपीएसएस मागे जर्नल नावाची फाईल लिहीत असतं, ती कुठे आहे ते ऑप्शन्समधल्या फाईल लोकेशन्स टॅबवर दिसतं. तेव्हा सगळं हरवतं असं नाही. पण जर्नलमध्ये महिनाभराचं सगळं एकाखाली एक असतं, त्यातून शोधणं म्हणजे बाजार उठल्यावर मंडईत पडलेलं नाणं शोधणं.

दुसरं कारण जास्त धोक्याचं. आवृत्ती १४ च्या आधी एसपीएसएसमध्ये एका वेळी एकच डेटा फाईल उघडी राहायची, दुसरी उघडली की पहिली बंद. जुन्या आवृत्तीवर शिकलेले प्राध्यापक अजून त्याच सवयीने सांगतात, "नवीन फाईल उघड, जुनी आपोआप जाते." आता जात नाही. मेनूतून उघडलेल्या प्रत्येक फाईलला डेटासेट१, डेटासेट२ असं नाव आपोआप मिळतं, आणि नाव मिळालेला डेटासेट तुम्ही बंद करेपर्यंत उघडाच राहतो. एवढंच नाही. सिलेक्ट केसेसमध्ये तुम्ही "कॉपी सिलेक्टेड केसेस टू अ न्यू डेटासेट" निवडलंत तर आणखी एक. अ‍ॅग्रीगेट करताना, म्हणजे गटागटाचे सारांश आकडे काढताना, नवा डेटासेट मागितलात तर आणखी एक. तुम्ही मृगबाग आणि कांदेबाग, म्हणजे केळी लागवडीचे दोन हंगाम, वेगवेगळे तपासत असणार. प्रत्येक वेळी कांदेबागवाले शेतकरी नव्या डेटासेटमध्ये कॉपी केलेत, तर दिवसभरात पाच विंडो तिथेच झाल्या.

उपाय दोन. एडिट, ऑप्शन्स, जनरल टॅबमध्ये "ओपन ओन्ली वन डेटासेट अ‍ॅट अ टाइम" असा पर्याय आहे, त्याला टिक करा. नवी फाईल मेनूतून उघडली की आधीची बंद होईल. मात्र टिक करायच्या आधी उघडलेले डेटासेट तसेच राहतात, ते हाताने बंद करावे लागतील. शिवाय सिंटॅक्समधून, म्हणजे हुकूम लिहून उघडलेल्या फाईलला हा नियम लागू नाही. दुसरा उपाय सवयीचा. फक्त कांदेबाग बघायची असेल तर सिलेक्ट केसेसमध्ये "फिल्टर आउट अनसिलेक्टेड केसेस" घ्या. नवी विंडो उघडत नाही. वगळलेल्या शेतकऱ्यांच्या ओळ क्रमांकावर तिरकी रेघ येते आणि खालच्या पट्टीवर "फिल्टर ऑन" दिसतं. काम झालं की फिल्टर काढायला तेवढं विसरू नका. विसरलात तर विंडो एकच राहील, पण शेतकरी निम्मे राहतील.

काही जण म्हणतात, दोन फाईली जोडायच्या असतील तर दोन्ही उघड्या लागतात. लागत नाहीत. मर्ज फाईल्समध्ये दुसरी फाईल थेट डिस्कवरूनही घेता येते.

सगळं एका झटक्यात साफ करायचं असेल तर सिंटॅक्स विंडोत "डेटासेट क्लोज ऑल" हा हुकूम आहे, अर्थात तिथे तो इंग्रजी अक्षरांत लिहायचा आणि शेवटी टिंब द्यायचं. टिंब विसरलं की हुकूम अर्धवट राहतो, आणि नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी त्या एका टिंबाच्या असतात. हा हुकूम चालू डेटासेट (ज्यावर त्या वेळी विश्लेषण होतं तो) सोडून बाकी सगळे बंद करतो आणि सेव्ह करायचं का असं विचारत बसत नाही. म्हणून आधी कागदावरची यादी बघा, मगच.

आता हा धोका मी इतका का उगाळतोय ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी शिंदखेड्याकडच्या एका विद्यार्थ्याचं काम माझ्याकडे होतं. २०० कापूस उत्पादकांचा सर्व्हे. ज्यांनी उत्पादन सांगितलं नाही त्यांच्यापुढे ९९९ टाकलेलं, असे सहा जण. मी फाईल साफ केली, ९९९ ला मिसिंग ठरवलं (म्हणजे उत्तर नाही, हिशोबात धरू नको), सेव्ह केली. मग एका शेतकऱ्याचा प्रश्नावली क्रमांक ताडून बघायचा होता म्हणून एक्सेलमधून आलेली मूळ, कच्ची फाईलही उघडली. क्रमांक बघितला, तिच्या एका रकान्यावर क्लिक केलं, आणि तिथूनच पुढे अ‍ॅनालाइझ मेनूवर गेलो. दोन तास तक्ते काढत बसलो. मे महिना, खोलीत पंखा गरम हवा फेकत होता, आणि मध्येच वीज गेली तर काय या भीतीने मी भराभर उरकत होतो.

प्रिंट काढून दिली. चार दिवसांनी विद्यार्थी वडिलांना घेऊन आला. वडील शेतकरी, शाळा चौथीपर्यंत झालेली. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "सर, हाई बियानं कोनतं शे? माले बी सांगा." बोटाखाली सरासरी होती: एकरी ३८.२ क्विंटल कापूस.

हिशोब करून बघा. १९४ जणांची सरासरी ८.५ क्विंटल, म्हणजे १६४९. त्यात सहा वेळा ९९९, म्हणजे ५९९४. बेरीज ७६४३, भागिले २००. बरोबर ३८.२. सॉफ्टवेअरने एका पैशाची चूक केली नव्हती. मी साफ केलेल्या फाईलवर काम करतोय असं मला वाटत होतं, आणि करत होतो कच्च्या फाईलवर. मी शेवटचं क्लिक ज्या डेटा एडिटरवर केलं, तोच चालू डेटासेट झाला होता. एसपीएसएसचा नियमच तो आहे. दुसरी विंडो नुसती बघायला म्हणून क्लिक केलीत तरी ती चालू होते, आणि पुढचं सगळं विश्लेषण तिच्यावर होतं. चालू डेटासेटच्या चिन्हावर छोटं अधिक चिन्ह दिसतं, पण ते इतकं बारीक की चष्मा लावूनही मला दिसलं नव्हतं. सिंटॅक्स विंडोत वर "अ‍ॅक्टिव्ह" नावाची यादी असते, तिथे नाव स्वच्छ वाचता येतं. म्हणून त्या दिवसापासून मी महत्त्वाचं काम सिंटॅक्समधूनच करतो.

आउटपुटच्या विंडोंमागे मात्र वेगळं गणित आहे. समजा तुम्ही काल सेव्ह केलेली आउटपुट फाईल नुसती बघायला उघडली. आउटपुटमध्ये जी विंडो नव्याने उघडते ती आपोआप "डेझिग्नेटेड" होते, म्हणजे यापुढचा सगळा माल तिच्यात. आज केलेले तक्ते कालच्या फाईलच्या शेपटाला जाऊन चिकटतात आणि तुम्ही आजच्या विंडोत शोधत बसता. मग "आउटपुट आलंच नाही" म्हणून तीच कमांड परत चालवता, तोच तक्ता दोनदा येतो. समोर दिसणारी विंडो आणि माल घेणारी विंडो या दोन वेगळ्या असू शकतात, हे एकदा ध्यानात आलं की गोंधळ मिटतो. आउटपुट जिथे हवंय ती विंडो पुढे घ्या आणि युटिलिटीज मेनूतून "डेझिग्नेट विंडो" करा. टूलबारवर त्याचं अधिक चिन्हाचं बटणही असतं.

माझी रीत साधी आहे. सकाळी बसताना एकच व्ह्यूअर, फाईलच्या नावात तारीख. जुनं आउटपुट बघायचं असेल तर ते पीडीएफ करून ठेवलेलं असतं, एसपीएसएसमध्ये उघडायचंच नाही. तुमच्याकडे खूप जुन्या आउटपुट फाईली असतील तर एक लक्षात असू द्या, आवृत्ती १५ पर्यंत त्यांचं शेपूट "एसपीओ" असायचं आणि १६ पासून "एसपीव्ही" झालं. जुनी फाईल नव्यात सरळ उघडत नाही, त्यात तुमची चूक नसते.

उरलेल्या विंडो किरकोळ. आलेखावर दोनदा क्लिक केलं की चार्ट एडिटर स्वतंत्र विंडोतच उघडतो, तो टाळता येत नाही. तो उघडा असेपर्यंत व्ह्यूअरमधला मूळ आलेख रेघा ओढल्यासारखा राखाडी दिसतो. आलेख बिघडला म्हणून घाबरू नका, एडिटर बंद केला की ठीक होतो. तक्त्यावर दोनदा क्लिक केल्यावर वेगळी विंडो येत असेल तर ऑप्शन्समध्ये पिव्हट टेबल्स टॅबवर एडिटिंग मोड "व्ह्यूअरमध्येच" असा करा. सुरुवातीला येणारा स्वागताचा डबा त्याच्याच कोपऱ्यातल्या टिकने कायमचा जातो. सुरू होतानाच रिकामी सिंटॅक्स विंडो येत असेल तर जनरल टॅबमध्ये "ओपन सिंटॅक्स विंडो अ‍ॅट स्टार्टअप"ची टिक काढा. आणि शेवटचा डेटा एडिटर बंद करायला गेलात की एसपीएसएस विचारतं, पूर्ण बंद करू का? त्याला निदान एक तरी डेटा विंडो लागतेच, भले ती रिकामी असो.

कॉलेजच्या लॅबमध्ये हे सगळं केलंत आणि दुसऱ्या दिवशी परत जैसे थे झालं, तर तिथे मशीन बंद केल्यावर सगळं पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असणार. सरांशी भांडू नका, मुलं काय काय डाउनलोड करतात ते त्यांना माहीत असतं. लॉगच्या विंडोपुरता उपाय असा की तुमच्या सिंटॅक्स फाईलची पहिलीच ओळ "सेट प्रिंटबॅक नन" ठेवा, प्रिंटबॅक आणि ननच्या मध्ये बरोबरचं चिन्ह, शेवटी टिंब. ती फाईल पेनड्राइव्हवर. कुठल्याही मशीनवर बसून आधी ती ओळ चालवायची.

आता आरचं. तिथली गोष्ट उलटी आहे, विंडो तुमच्या क्लिकने नाही, मित्राच्या स्क्रिप्टने उघडतात. स्क्रिप्टमध्ये "विंडोज", "एक्स११" किंवा "डेव्ह डॉट न्यू" असे शब्द कंसासकट शोधा. ते प्रत्येक वेळी आलेखाची नवी विंडो उघडायला सांगतात, आणि स्क्रिप्टमध्ये चार तालुके गुणिले पाच चलांचं चक्र असेल तर वीस विंडो. आरस्टुडिओत या ओळी पुसून टाका, आलेख उजवीकडच्या प्लॉट्सच्या चौकटीत एकामागे एक येतील आणि बाणांनी मागेपुढे बघता येतील. बहुतेक वेळा कुणीतरी त्या ओळी वैतागून घातलेल्या असतात, कारण चौकट लहान असली की आर "फिगर मार्जिन्स टू लार्ज" म्हणून रुसतं. चौकट ओढून मोठी केली की रुसवा जातो. उघडलेल्या सगळ्या एकदम मिटवायला "ग्राफिक्स डॉट ऑफ" आणि पुढे रिकामे कंस. आर एका वेळी ६३ पेक्षा जास्त आलेख-साधनं उघडू देत नाही, त्यामुळे तुमच्या वीसने काही फुटणार नाही.

याच्या उलट तक्रार आली, की आलेख कुठेच दिसत नाही, तर स्क्रिप्टमध्ये "पीएनजी" किंवा "पीडीएफ" उघडलंय आणि "डेव्ह डॉट ऑफ" लिहायचं राहिलंय. आलेख सगळे त्या फाईलमध्ये चाललेत.

एक्सेलचा डेटा अ‍ॅनालिसिस वापरणाऱ्यांची हीच रड शीटची असते, दर वेळी नवं शीट. डब्यात खाली "न्यू वर्कशीट प्लाय" आधीच निवडलेलं असतं, त्याऐवजी "आउटपुट रेंज" घ्या.

आता तुमचे २४० आणि २३६.

प्रत्येक विश्लेषणासोबत एसपीएसएस एक "नोट्स" नावाचा तक्ता बनवतं आणि लपवून ठेवतं. व्ह्यूअरच्या डाव्या बाजूच्या यादीत त्या नावापुढे मिटलेल्या पुस्तकाचं चिन्ह असतं. त्यावर दोनदा क्लिक करा, पुस्तक उघडेल आणि तक्ता उजवीकडे दिसेल. त्यात कुठली डेटा फाईल, कुठला चालू डेटासेट, फिल्टर होता का, ओळींना कमी-जास्त वजन (वेट केसेस) लावलं होतं का, आणि त्या क्षणी फाईलमध्ये एकूण किती ओळी होत्या, सगळं लिहिलेलं असतं. माझ्या त्या कापसाच्या तक्त्याच्या नोट्समध्ये कच्च्या फाईलचं नाव ठसठशीत छापलेलं होतं. मी कधी उघडूनच बघितलं नव्हतं.

तर २४० वाल्या तक्त्याची आणि २३६ वाल्या तक्त्याची, दोन्हींच्या नोट्स उघडून शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींत फाईल तीच, फिल्टर नाही आणि ओळी २४० असतील तर काळजी नाही. घडाचं वजन किंवा तसलं एखादं उत्तर चार शेतकऱ्यांनी दिलेलं नाही, एसपीएसएसने त्यांना त्या तक्त्यापुरतं वगळलंय. तक्त्याखाली एक टीप द्या आणि पुढे चला. फिल्टरच्या जागी काही लिहिलेलं दिसलं तर ते चार फिल्टरने गाळलेत, फिल्टर काढा आणि तो तक्ता परत काढा.

फिल्टर नसताना ओळीच २३६ दिसल्या किंवा फाईलचं नाव वेगळं निघालं, तर मात्र कामाला लागा. कुठल्या तरी प्रतीतून चार शेतकरी पुसले गेलेत, बहुधा "डिलीट अनसिलेक्टेड केसेस" निवडून सेव्ह झालं असेल. तिन्ही पर्याय त्या डब्यात एकाखाली एकच आहेत, बोट घसरतं. मग त्या प्रतीवर काढलेला प्रत्येक तक्ता नोट्स बघून वेगळा काढा आणि २४० ओळींच्या फाईलवर परत चालवा. ते चार कोण, हे दोन्ही फाईलींतले प्रश्नावली क्रमांक ताडून निघेल. कागदी प्रश्नावल्या अजून जपून ठेवल्या असतील तर त्या चार बाहेर काढून ठेवा, चोपड्याच्या आहेत की रावेरच्या ते कळवा.